ओर्लाला बरं नाही

ओर्ला : ...आणि ती बाई मला मिठी मारून रडते, आई! भर बाजारात, कोबीच्या ढिगासमोर! "धीर सोडू नकोस," म्हणते. मी आपली तिच्या पाठीवर थोपटतेय. मला वाटलं हिचंच कुणी गेलं.

नोरीन : चहा घे आधी. निवतोय.

ओर्ला : चहा राहू दे बाजूला. हे काय आहे ते सांग.

नोरीन : कार्डं दिसतायत.

ओर्ला : मिस्सेची कार्डं! आजारी माणसाच्या नावाने मिस्सा सांगितली की फादर सही करून देतात ती. "ओर्ला बर्क हिला आरोग्य लाभो म्हणून." रोज टपालात पडतात. आणि हे बघ, यात तर आरोग्य नाहीच. यात आत्म्याला शांती लाभलीय मला!

नोरीन : बघू... हा टॉम कनीन. त्याला दिसत नाही गं हल्ली. दुकानात हाताला लागेल ते उचलतो. मनात काही नसतं त्याच्या.

(क्लूनगारा, गॉलवेच्या पूर्वेकडचं गाव; नोव्हेंबर सरत आलाय. नोरीन फाही ऐंशीच्या पुढची, स्वतःच्या स्वयंपाकघरात कोट घालून आणि लोकरी टोपी कानांवर ओढून बसलीय, जशी काही आत्ताच बाहेरून आली. आलेली नाही. लेक ओर्ला शहरात शाळेत भूगोल शिकवते आणि तिला सगळ्याची उत्तरं येतात, निदान आज दुपारपर्यंत तरी येत होती.)

ओर्ला : सगळी कार्डं क्लूनगाराची आहेत. एकजात सगळी. मी आजारी आहे हे गावाला कुणी सांगितलं?

नोरीन : गावाला काय, जीभ आहे आणि वेळ आहे.

ओर्ला : आई.

नोरीन : मी एवढंच म्हणाले, की ओर्लाला बरं नाही. तपासण्या चालू आहेत. बस. त्याच्यापुढे एक अक्षर नाही. बाकीचं ज्याचं त्याने भरलं. कनीनकडे तुला किडनीचं आहे, खालच्या आळीत रक्ताचं काहीतरी. आळीतली डिम्प्ना तर पोटाचं म्हणते, कारण तिच्या बहिणीला पोटाचं होतं.

ओर्ला : तू म्हणालीस? तू? डारा परवा रात्री रडत घरी आला, माहितीये? मैदानावर हर्लिंगच्या सरावानंतर कुणीतरी त्याला बाजूला घेऊन म्हणालं, आईसाठी खेळ रे बाळा. एवढा घोडा झालेला पोरगा, माझ्या गळ्यात पडून विचारतो, मला का नाही सांगितलंस? मी शपथा घेतल्या तरी त्याला खरं वाटेना.

नोरीन : देवा रे. डारापर्यंत जाईल असं नव्हतं वाटलं मला.

ओर्ला : का पण? माझ्यावर राग आहे का तुझा?

नोरीन : राग कसला. मिस्सेची पाळी आली होती गं.

ओर्ला : कसली पाळी?

नोरीन : विसरलीस? वर्षातून दोनदा एका घरी फादर येतात, सगळी आळी जमते, स्वयंपाकघरात मिस्सा होते, मग चहा, ब्रेड, हॅम. या खेपेला आपलं घर होतं. तुझ्या आजीपासून एकदाही पाळी चुकली नाही या घराची. तुझे बाबा गेले त्या वर्षीसुद्धा मी भिंती रंगवून घेतल्या होत्या.

ओर्ला : मग घ्यायची की! मी आले असते. सँडविचेस केली असती, खुर्च्या आणल्या असत्या.

नोरीन : खुर्च्या आहेत.

ओर्ला : मग अडलं काय?

नोरीन : काही नाही. दमले होते. वय झालं.

ओर्ला : तू दमलीस म्हणून मला मरणाच्या दारात नेऊन बसवलंस? "या खेपेला जमत नाही" म्हटलं असतंस तर कुणी फाशी दिली असती का? आणि तू कोट का घातलायस? मघापासून विचारीन म्हणतेय. कुठे निघाली होतीस?

नोरीन : कुठे नाही. कोंबड्यांना बघून आले.

ओर्ला : कोंबड्या अंगणात आहेत, चिखल आहे, आणि तुझ्या पायात सपाता आहेत. हात दे इकडे. अगं, बर्फ झालीत बोटं! हा रेडिएटर... हा तर गार आहे. आई, बॉयलर बंद पडलाय का?

नोरीन : बॉयलर उत्तम आहे. तू इतका महागाचा बसवून दिलास, बंद कसा पडेल?

ओर्ला : मग चालू का नाही?

नोरीन : संध्याकाळी लावते थोडा वेळ.

ओर्ला : टाकी बघून येते मी.

नोरीन : नको जाऊस. निसरडं झालंय तिथे. ओर्ला! ...नाही त्यात तेल. बस खाली.

ओर्ला : नाही म्हणजे? कधीपासून?

नोरीन : हॅलोवीनच्या आधीपासून. बस ना गं, उभी राहून बोलू नकोस माझ्याशी, मला शाळेत असल्यासारखं वाटतं.

ओर्ला : महिना होऊन गेला. महिनाभर तू या घरात... मागच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला होता तुला! डॉक्टर काय म्हणाले होते? हातपाय गार पडले की रक्तदाब चढतो, तुझ्या छातीला ही थंडी सोसायची नाही, एकदा वाचलात, दर वेळी वाचाल असं नाही. माझ्यासमोर म्हणाले होते ते.

नोरीन : पाच वाजले की अंथरुणात शिरते. गरम पाण्याची पिशवी घेते. पांघरुणात काही वाटत नाही.

ओर्ला : म्हणून पाळी टाळलीस.

नोरीन : तूच सांग, काय करायला हवं होतं? अख्खी आळी इथे कोट घालून बसली असती. फादरनी प्रार्थना म्हटली असती आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघाली असती. मागच्या भिंतीला बुरशी चढलीय, पुसते, परत येते. डिम्प्नाने ती बघितली असती, आणि तिने बघितली म्हणजे काउंटीने बघितली. झाकली मूठ सव्वा लाखाची, ओर्ला. ती उघडून दाखवायची होती का मी सगळ्यांना?

ओर्ला : मला एक फोन करायचास.

नोरीन : तुला कशाला? तुझं घराचं कर्ज, तुझी शाळा.

ओर्ला : तेल महागलं म्हणून का? कबूल आहे, कार्बनचा कर दर बजेटला वाढतो. तो वाढायलाच हवा, नाहीतर पुढच्या पोरांनी राहायचं कुठे? पण त्याच करातून तुझा हिवाळ्याचा इंधनभत्ता येतो ना, आई. मी वर्गात हेच शिकवते. सरकार एका हाताने घेतं आणि दुसऱ्या हाताने तुझ्यासारख्यांनाच परत देतं. तुझ्यासारख्यांसाठीच तर आहे ते सगळं.

नोरीन : चांगलं आहे.

ओर्ला : मग? भत्ता येतोय ना?

नोरीन : बिस्किट घे की.

ओर्ला : भत्ता येतोय ना?

नोरीन : या वर्षी नाही आला.

ओर्ला : असं कसं? तू एकटी राहतेस, पेन्शनवर आहेस. चूक झालीय त्यांची. दे, नंबर दे, मी आत्ता बोलते. म्हाताऱ्या माणसाचा भत्ता कापतात म्हणजे काय! वर्तमानपत्रात देईन मी.

नोरीन : चूक नाही झाली. ठेव तो फोन. ठेव म्हणते ना. त्यांचा फोन आला होता. एक पोरगी होती, बोलायला गोड. म्हणाली, मिसेस फाही, तुमच्या घरी आणखी कुणी राहतं का? कमावतं कुणी?

ओर्ला : नाही म्हणायचं.

नोरीन : मी हो म्हणाले.

ओर्ला : का?

नोरीन : तिने नाव घेतलं. डारा बर्क तुमच्याकडेच राहतो ना, म्हणाली. कामाच्या कागदांवर हाच पत्ता आहे त्याचा, म्हणाली.

ओर्ला : हा पत्ता!

नोरीन : आता नाही कशी म्हणणार मी? ज्या गावात राहायचं त्याच गावाकडून खेळायचं असा नियम, तो इथे राहतो म्हणून तर क्लूनगाराकडून खेळतो. तूच लिहून दिलंस ना क्लबला, की पोरगा आजीकडे राहतो. क्लबाच्या मार्टीने सांगितलं, नुसतं लिहून भागणार नाही, बँकेत, नोकरीत, सगळीकडे हाच पत्ता टाका, म्हणजे कुणी बोट ठेवणार नाही. आणि ती फोनवरची पोरगी, ओर्ला, बोलण्यावरून थेट किलशॅनीची! मी ओळखले ना ते हेल. किलशॅनीला आपण काउंटीच्या फायनलमध्ये हरवलं, त्यांच्या पोटात अजून दुखतंय. मी तिला म्हटलं असतं की डारा इथे राहत नाही, तर रात्रीपर्यंत त्यांच्या क्लबात पोचलं असतं. कप परत द्यावा लागला असता. डाराला बंदी झाली असती.

ओर्ला : ती सरकारी ऑफिसातली मुलगी होती, आई. तिला हर्लिंगशी काय करायचंय?

नोरीन : किलशॅनीची आणि हर्लिंगशी काय करायचंय! शहाणीच आहेस. मी म्हणाले, राहतो, हो, इथेच राहतो, रोज रात्री जेवायला असतो, बटाटे फार लागतात त्याला. ती म्हणाली, मग भत्ता नाही मिळणार. मी म्हटलं, काही हरकत नाही.

ओर्ला : काही हरकत नाही म्हणालीस.

नोरीन : वर थँक्यू पण म्हणाले.

ओर्ला : मी केलं हे.

नोरीन : तू काही वाईट मनाने नाही केलंस.

ओर्ला : नाही, मीच केलं. शहरातल्या क्लबात त्याला बाकावर बसवून ठेवायचे. मला वाटलं, बाबांच्या क्लबात खेळू दे, बाबांचाच रंग अंगावर घालू दे. एक पत्ता तर लिहायचाय! कुणाचं काय जातंय त्यात? असंच म्हणाले होते मी. आणि तुझी चूल पण मीच काढली. दलदलीतली माती कापून वाळवलेली ती टर्फ, तिचा धूर वाईट, राख वाईट, दलदल तोडणं वाईट. सगळ्या आळीच्या घरात अजून टर्फ जळतेय आणि माझ्याच आईच्या घरात जाळायला जागा नाही. वर मी लोकांना सांगत फिरते, आमच्या आईचं घर कसं स्वच्छ झालं.

नोरीन : धूर लागायचाच गं छातीला. ते खोटं नव्हतं. रडू नकोस. अंगात स्वेटर पण पुरेसा नाही तुझ्या.

ओर्ला : मला लाज वाटतेय, आई. तुझ्याकडे बघवत नाही मला.

नोरीन : मग चहाकडे बघ.

ओर्ला : तेलवाल्याला फोन करते. ...हॅलो? हो, क्लूनगारा. फाहींचं घर. टाकी पूर्ण भरायची. आज नाही? बरं, उद्या सकाळी पहिलं इथेच या. पैसे मी देणार, हो. ...झालं. आज रात्री तू माझ्याकडे चल.

नोरीन : कोंबड्यांना कोण कोंडणार? आणि उद्या डिम्प्नाकडे मिस्सा आहे. माझी पाळी तिने घेतली आणि मीच नाही गेले तर कसं दिसेल?

ओर्ला : मग मीही राहते. आणि उद्या मिस्सेनंतर सगळ्यांसमोर सांगते. की मला काही झालेलं नाही, आईकडे तेल नव्हतं, का नव्हतं तेही सांगते. डाराचा पत्ता परत शहरातला करून टाकू.

नोरीन : रविवारी प्रांताची सेमीफायनल आहे.

ओर्ला : असू दे.

नोरीन : असू दे म्हणतेस खरी. ...गाडी आली बघ. डिम्प्नाची आहे. तुझी गाडी दिसली असणार रस्त्यावरून. ओर्ला, टोपी काढू का गं मी? कोट तरी काढते.

ओर्ला : कोट अंगातच ठेव! उद्या कशाला, आत्ताच सांगते तिला.

डिम्प्ना : देव सगळ्यांना सुखी ठेवो! येऊ का? आलेच. ओर्ला! अगं बाई, ऊठ नको, ऊठ नको, बसूनच राहा. सफरचंदाचा टार्ट आणलाय, तुझ्या घशाखाली उतरत नसेल तर आई खाईल. चेहरा बघ कसा ओढलाय पोरीचा. डोळे लाल. दुखायला लागलंय का आता जास्त?

ओर्ला : डिम्प्ना, तुम्ही बसा जरा. मला तुमच्याशी बोलायचंय. मला काही झालेलं नाही.

डिम्प्ना : नाहीच झालेलं! असंच म्हणायचं. माझी बहीण शेवटपर्यंत असंच म्हणायची. तुझा डारापण तेच म्हणतो, आई ठणठणीत आहे. आमचा मार्टी म्हणाला, बिचाऱ्याचं मनच घेत नाही. पण खेळतोय काय पोरगा! क्लबाचा अध्यक्ष म्हणून इतकी वर्षं मार्टीने नुसत्या हारी मोजल्या, आता माणूस झोपेत हसतो. रविवारी सगळी पोरं दंडाला पांढरी फीत बांधणार आहेत, तुझ्यासाठी.

ओर्ला : फीत नको. खरंच नको. ऐका ना माझं.

डिम्प्ना : आणि आईची सेवा विसरू नकोस हो. दिवसातून दोनदा चॅपेलमध्ये असते. सकाळी उघडल्यापासून बसते ती जेवणापर्यंत, परत दुपारी. त्या हीटरच्या बाजूच्या बाकावर, माळ हातात घेऊन. फादर म्हणाले, नोरीनसारखी भक्ती या पॅरिशमध्ये दुसरी नाही.

ओर्ला : हीटरच्या बाजूच्या?

नोरीन : प्रार्थना पण करते मी, ओर्ला. नुसतीच नाही बसत.

डिम्प्ना : नुसती बसेल कशाला? ऐकलंस का, आता एक विचारते, रागावू नकोस. आपल्यातलंच आहे म्हणून विचारते. आळीत एकदोन जिभा वळवळतायत. म्हणतात, नोरीनने पाळी चुकवायला सोंग केलं, पोरीला काहीएक झालेलं नाही. मी त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं. म्हटलं, नोरीन फाही पोटच्या पोरीवर असलं अभद्र बोलेल? उपाशी मरेल पण बोलणार नाही. तिचं खोटं निघालं तर मी या आळीत तोंड दाखवणार नाही, म्हटलं. तर ओर्ला, तूच सांग मला. आजारी आहेस ना?

ओर्ला : मी...

डिम्प्ना : बोल की.

ओर्ला : ...हो. तपासण्या चालू आहेत.

डिम्प्ना : वाटलंच मला. बघितल्याबरोबर ओळखलं. ये, माझ्याजवळ ये. अगं, हात केवढे गार तुझे! आणि हे घर... नोरीन! हे काय गं? आजारी लेक घरी आलीय आणि रेडिएटर गार? बाहेर ऊन वाटेल इथल्यापेक्षा! स्वतः कोटटोपी घालून बसलीस आणि पोरगी पातळ स्वेटरवर? तेल आहे ना टाकीत?

नोरीन : लावणारच होते गं.

डिम्प्ना : लावणार होते! तुझ्या नवऱ्याची पेन्शन, तुझी पेन्शन, सरकारचा भत्ता, वर कमावता नातू घरात! एवढं साठवून कुठे नेणार आहेस? कंजूषपणा करावा माणसाने, पण मरायला टेकलेल्या पोरीच्या उबेत? मला नव्हतं वाटलं तुझ्याबद्दल असं. तोंडावर बोलते, मागून नाही.

नोरीन : चुकलं माझं. खरंच चुकलं. लक्षात नाही आलं.

डिम्प्ना : ओर्ला, हिला चांगली हाण तूच. काही बोलत नाहीस ती?

ओर्ला : ...नको. राहू दे. आईला काही बोलू नका.

डिम्प्ना : बघ, वर तुझीच बाजू घेते. सोन्यासारखी पोर आहे. निघते मी, उद्याचा हॅम उकळत ठेवलाय. ओर्ला, तू चुलीशेजारी बसायचंस उद्या, खुर्ची राखून ठेवते. आणि नोरीन, तो बॉयलर आत्ताच्या आत्ता लाव, माझ्या देखत नाही लावलास तरी चालेल, पण लाव. येते.

नोरीन : सावकाश जा गं. फाटकापाशी शेवाळ आहे.

ओर्ला : आई.

नोरीन : टार्ट कापू का?

ओर्ला : आई, मी सांगणार होते. सगळं तोंडाशी आलं होतं.

नोरीन : बघितलं मी.

ओर्ला : ती तुला कंजूष म्हणाली. माझ्यासमोर. आणि मी काय केलं? "राहू दे" म्हणाले. राहू दे! जशी काही मी तुला माफ केलं.

नोरीन : तिला माहीत नाही गं. माहीत असतं तर तिने स्वतःच्या घरचं तेल उपसून आणलं असतं. तशी नाही ती.

ओर्ला : गाडी अजून निघाली नाही तिची. काच पुसतेय. हाक मारू?

नोरीन : तू ठरव.

ओर्ला : आणि डारा? ...कशी बोलले मी तसं? तिने सरळ विचारलं होतं, मला सरळ सांगायचं होतं. कसं निघालं ते माझ्या तोंडून?

नोरीन : काय सांगू? पाळी सोडायला तिच्याकडे गेले त्या दिवशी मीही खरं सांगायलाच गेले होते.